चाकावरची चार बोटं

मी संशयी माणूस आहे. माझी बायको द्वारका हे तीस वर्षं ऐकवतेय आणि मला ते कबूल आहे. दूधवाल्यानं दूध ओतलं की मी भांडं हलवून बघतो. बसमध्ये तिकीट हातात आलं की त्यावरचं गावाचं नाव वाचून घेतो. लोक हसतात, हसू देत. मी मोसंबीची कलमं विकतो. गिऱ्हाईक आज रोप नेतं आणि त्याला चांगलं फळ लागणार की नाही हे त्याला चार-पाच वर्षांनी कळतं. असल्या धंद्यात कोणी आपल्याला फसवू नये आणि आपल्या नावावर कोणी दुसऱ्याला फसवू नये म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात, अशी मी माझी समजूत घालत आलो.

आमची नर्सरी अंबडहून घनसावंगीकडं जाताना रस्त्यालाच लागून आहे. पूर्वी माल पोचवायला भाड्याचा टेम्पो असायचा. टेम्पोवाले खड्ड्यातून गाडी अशी हाणायचे की पिशवीतला मातीचा गड्डा फुटून जायचा. गड्डा फुटला की मुळं उघडी पडतात, आणि असं रोप लावल्यावर महिन्याभरात मान टाकतं. शिव्या मात्र आम्ही खायच्या. म्हणून माझ्या मुलीनं, अर्पितानं, दोन वर्षांपूर्वी एक जुनी छोटी गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली आणि मागं हुक बसवून दोन चाकांची लहान ट्रॉली जोडली. शेतकीची पदवी घेतलेली पोरगी नोकरी सोडून स्वतः रोपं पोचवायला निघाली. अर्धं गाव नावं ठेवत होतं. मीही ठेवली, फक्त घरात.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळं. गाडीत चढलेली रोपं आम्ही मोजत नाही. जाणारी रोपं मोजली की ती रुसतात, असं माझे वडील म्हणायचे. भरताना दहा-पाच जास्तच घालायची, पण भरल्यावर मोजायला उभं राहायचं नाही. मग अंदाज कसा घ्यायचा? तर चाक आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्या मधे हात आडवा घालायचा. चार बोटं मावली तर गाडी रिकामी. दोन मावली तर माल अर्धा. एकच बोट मावलं तर गाडी भरली, आता वर एक रोपही नको. वडील भाड्याच्या जीपला असंच करायचे, मी अर्पिताच्या गाडीला करू लागलो. रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी माझा हात मागच्या चाकावर जायचाच. हात कधी चुकला नाही.

पण माल भरला आणि त्यात ट्रॉलीचा भार हुकावर आला की गाडीची मागची बाजू बसायची. पुढचं तोंड वर, शेपूट खाली. गतिरोधक आला की हुक खरडायचा आणि अर्पिता अगदी बैलगाडीच्या चालीनं गाडी काढायची. या वर्षी आषाढाच्या सुरुवातीला ती जालन्याला गेली आणि गाडीला काहीतरी करून आली.

"अप्पा, स्प्रिंगांच्या आत रबरी पिशव्या बसवल्या," ती म्हणाली. "दोन्ही चाकांना एकेक. हवा भरली की मागची बाजू उचलून धरतात."

"म्हंजी गाडी आता हवेवर चालवती का?"

"मंग टायर कशावर चालून राह्यलेत?"

मी जास्तच चिडलो. तिनं मला वाकून दाखवलं. नंबरप्लेटच्या खाली दोन नळ्या आणून सोडल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला सायकलच्या ट्यूबला असतात तसे व्हॉल्व्ह. त्यावर काळ्या प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या. पायानं मारायचा पंप लावायचा आणि हवा भरायची.

हे काम करणारा धम्मपाल पुढच्या रविवारी स्वतः आला, बसवलेलं बराबर आहे का ते बघायला. तिशी उलटलेला पोरगा, वाळूजच्या कारखान्यात काही वर्षं काढून जालन्यात स्वतःचं गॅरेज टाकलेला. मला तो आवडला नाही. का, ते विचारू नका. अर्पिता दिवसातून तीनदा त्याचं नाव घ्यायची, एवढं कारण मला पुरत होतं.

"काका, दोन गोष्टी ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "ह्यानं गाडीची ताकद वाढत न्हाई. आधी जेवढा माल नेत होते तेवढाच न्यायचा. गाडी फक्त सरळ राह्यते, ट्रॉली डोलत न्हाई. आन् भरल्या गाडीत पिशव्या रिकाम्या ठेवायच्या न्हाईत, बिलकुल न्हाई."

मी ऐकत नव्हतो. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. "जुन्या स्प्रिंगा कुठंयत?" मी विचारलं.

तो हसला. "त्याच हायेत काका. त्यांच्याच आत पिशवी बसवली."

मी गाडीखाली वाकून खात्री करून घेतली. त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी दीडशे रोपं घनसावंगीला जायची होती. गाडी भरली, ट्रॉली भरली, हुक अडकवला. मी हात घातला तर चार बोटं. दुसऱ्या बाजूनं गेलो, तिथंही चार बोटं. गाडी समोर उभी, भरलेली दिसतेय, आणि माझा हात म्हणतोय रिकामी आहे. अर्पिता "येते अप्पा" म्हणाली आणि निघून गेली. मी हात तसाच आडवा धरून रस्त्यात उभा.

हवेमुळं तसं होतंय हे मला समजत नव्हतं असं नाही. डोक्याला समजत होतं. पण रोज सकाळी चार बोटं, चार बोटं, आणि मनात पाल चुकचुकायला लागली. समजा ही दीडशे म्हणते आणि शंभरच नेते? मग उरलेली कुठं जातात? समजा माल थोडाच असतो आणि दिवस दुसरीकडंच जातो? पूर्वी चारला परतणारी गाडी आता सहाला यायची. विचारलं तर म्हणायची, लांबची गिऱ्हाइकं घेतेय.

कल्याणनं त्यात तेल ओतलं. कल्याण माझ्या भावाचा मुलगा, नर्सरीत माझ्या हाताखाली आठ वर्षं आहे. नर्सरी अर्पिताच्या हातात द्यायची की कल्याणच्या, ते दिवाळीला सांगीन असं मी दोघांना बोललो होतो. तो पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "काका, तुमच्या बोटांला आता काय कळून राह्यलंय? दीडशे म्हणती ती. असतील बी, नसतील बी."

एवढंच बोलला. पण ते मला आठ दिवस पुरलं.

एकदा तर मी न राहवून जालन्याच्या गॅरेजला फोन लावला. एका बाईनं उचलला. "मी अक्षता, धम्मपालची घरवाली. ते गाडीखाली हायेत. अर्पिताताई? त्या सकाळी हवा बघून गेल्या, पाच मिनिटं बी थांबल्या न्हाईत. चहा ठेवला होता, तसाच राह्यला." पाठीमागं हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता. दुसरा कोणी असता तर त्याचं मन तिथं स्वच्छ झालं असतं. मी फोन ठेवला आणि म्हणालो, हिला शिकवून ठेवलं असणार. इतका मी वाया गेलो होतो.

गिऱ्हाइकांनाही मी फोन केले. "रोपं पोचली का?" "पोचली ना, छान आहेत." पण किती पोचली हे विचारायला जीभ रेटेना. आपल्याच मुलीचा माल बाप गिऱ्हाइकाकडून मोजून घेतोय हे बाहेर पडलं असतं तर नर्सरीचं नाव तिथंच संपलं असतं.

श्रावणात तिला पिंपळगाव रेणुकाईची ऑर्डर मिळाली. भोकरदन तालुक्यातलं गाव, आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तातेराव नावाच्या शेतकऱ्याला दोनशे रोपं हवी होती, आणि ती नीट आली तर त्याचे शेजारीही घेणार होते. ही ऑर्डर तिनं स्वतः मिळवलेली. जेवताना मी म्हणालो, "एवढ्या लांब गड्डे न फुटता पोचव. मंग दिवाळीला काय बोलायचं ते मी ठरवतो."

तिचा घास हातातच राहिला. "खरंच, अप्पा?"

"पोचव तर आधी."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं रोपांना भरपूर पाणी दिलं, वाटेत माती सुकू नये म्हणून. ओली पिशवी चांगली जड होते. मग पंपानं दोन्ही पिशव्यांत हवा भरली. सकाळी साडेपाचला मजूर बायकांनी गाडी आणि ट्रॉली भरली. गाडी अशी ताठ उभी होती की तिच्यात काही आहे असं वाटू नये. अर्पिता भाकरी खायला आत गेली. आवारात मी एकटा.

मी हात घातला. चार बोटं.

त्या क्षणी मला राहवलं नाही. आजचा दिवस मोठा होता, आज मला खरं काय ते हवं होतं. मी मागं उकिडवा बसलो, दोन्ही काळ्या टोप्या फिरवून काढल्या आणि खिशात टाकल्या. बाभळीचा एक काटा घेतला आणि त्याच्या टोकानं व्हॉल्व्हमधली पिन दाबली. फुस्स करून हवा सुटली. मग दुसरी. गाडी हळूहळू खाली बसू लागली. मी हात घालून बघत होतो. तीन बोटं. दोन. मग एक. या बाजूला एक, त्या बाजूलाही बराबर एकच.

गाडी पूर्ण भरलेली होती.

काय वाटलं ते सांगू? मला रडू आलं. पोरगी खरी होती. एवढे दिवस ती खरीच होती आणि मी तिच्या पाठीमागं काय काय रचत होतो. तिथंच, गाडीच्या मागं बसून, मी ठरवून टाकलं की नर्सरी हिचीच. दिवाळीची वाटसुद्धा बघायची नाही, आज परत आली की सांगायचं.

तेवढ्यात ती डबा घेऊन बाहेर आली. मी उठलो. "निघू का अप्पा?"

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण हवा भर म्हणायचं तर हवा का गेली ते सांगावं लागलं असतं. आणि मी काय विचार केला? एक बोट मावतंय म्हणजे गाडी भरली, जास्त झालेली नाही. दोन वर्षं ही गाडी एका बोटावर चाललीच होती की. आमच्या वडिलांचा नियम, तो कसा चुकेल? मी म्हणालो, "जा. सावकाश जा."

ती पुढच्या बाजूनं आली, पुढच्या दारानं बसली, मागं वाकून बघितलं नाही. का बघावं? हवा तिनं स्वतःच्या पायानं भरली होती, आणि गाडीजवळ तिचा बाप उभा होता.

दहा वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. "अप्पा, मी बरी हाय," हे तिचं पहिलं वाक्य. 

जालन्यापर्यंत तिला गाडी जरा जड वाटली, तिनं मनावर घेतलं नाही. राजूरच्या पुढं एका गतिरोधकावर ती नेहमीच्या वेगानं गेली. या पिशव्या बसवल्यापासून गतिरोधकाला हुक कधी लागला नव्हता. पण खाली बसलेल्या गाडीचा हुक दणकन आपटला, ट्रॉली एका बाजूला फेकली गेली आणि त्या झटक्यानं गाडीही फिरली. समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून बरं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत जाऊन थांबली. पूर्वी एका बोटावर गाडी चालायची, कारण ती एका बोटावर आहे हे चालवणारीला ठाऊक असायचं. हे मला तेव्हा, फोन कानाला धरल्या धरल्या कळलं.

मी आणि कल्याण गाडी करून निघालो. वाटभर हात खिशात होता आणि बोटांना त्या दोन टोप्या लागत होत्या.

पोचलो तेव्हा अर्पिता दगडावर बसली होती, मनगटाला ओढणी बांधलेली. रोपं चारीत विखुरली होती, कित्येकांचे गड्डे फुटून माती पसरली होती. धम्मपाल आमच्या आधीच जालन्याहून येऊन गाडीखाली शिरला होता. मी अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ती गाडीकडं बघत होती आणि तिचा संताप झाला होता.

"दोन्ही पिशव्या एकदम कशा काय बसल्या?" ती धम्मपालला ओरडून म्हणाली. "काल संध्याकाळी मी सोता हवा भरली! असलं काम करता का तुम्ही? ट्रक थांबला नसता तर?"

"म्हणलं न्हवतं का मी," कल्याण म्हणाला. "हवेचा कारभार. असल्यांच्या हातात गाडी दिली की दुसरं काय होणार?"

धम्मपाल बाहेर आला. हातात एक रबरी पिशवी होती, स्प्रिंगांच्या वेढ्यात चिमटून फाटलेली. त्यानं नंबरप्लेटखाली वाकून दोन्ही व्हॉल्व्ह बघितले. दोन्ही उघडे. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. माझा हात खिशात होता. तो गाड्या दुरुस्त करणारा माणूस. दोन टोप्या एकाच दिवशी आपोआप गळून पडत नाहीत आणि दोन पिशव्या एकाच सकाळी आपोआप रिकाम्या होत नाहीत, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"माझंच चुकलं, ताई," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह ढिल्ले राह्यले असतील. नव्या पिशव्या मी बसवून देतो."

"नको. तुमच्याकडं ही गाडी परत येणार न्हाई," अर्पिता म्हणाली.

त्याच्या नजरेत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला वाचवायला तो पोरगा आपलं नाव मातीत घालत होता, आणि मी इतके दिवस त्याच्यावर नजर ठेवून होतो. मला माझीच किळस आली. मी खिशातून टोप्या काढल्या आणि गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवल्या.

"हवा मी काढली," मी म्हणालो.

 अर्पिता उठून उभी राहिली. "कामून, अप्पा?"

"बोटं बघायला. माल किती हाय ते कळत न्हवतं मला."

"मंग? किती निघाला?"

"एक बोट. बराबर भरलेला."

तिनं त्या टोप्या उचलून मुठीत घेतल्या. "मला विचारलं असतं तर मी एक एक रोप खाली उतरवून मोजून दाखवलं असतं."

"आपण रोपं मोजत न्हाई," मी म्हणालो. 

"व्हय. रोपं मोजत न्हाई," ती म्हणाली. मग ती धम्मपालकडं वळली आणि दुखऱ्या हातानंच तिनं त्याला हात जोडले.

त्या दिवशी शंभरावर रोपं वाचली. धम्मपालनं ओळखीचा टेम्पो बोलावून ती पिंपळगावला पोचती केली आणि उरलेली आम्ही आठवड्यानं दिली. तातेराव भला माणूस निघाला. नर्सरी मी दिवाळीची वाट न बघता अर्पिताच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पाया पडली, पण पिंपळगावच्या ऑर्डरच्या वेळी जेवताना विचारलं होतं तसं "खरंच, अप्पा?" असं म्हणाली नाही. गाडीला नव्या पिशव्या धम्मपालनंच बसवल्या आणि हवा मोजायचं एक मीटर दिलं. दर फेरीच्या आधी मोजा, दोन मिनिटांचं काम आहे, असं त्यानं तिला बजावून सांगितलं.

मी आता चाकाला हात लावत नाही. सकाळी नुसता फाटकाजवळ उभा असतो. ती डबा घेऊन येते, माझ्याकडं एकदा बघते, मग मागं जाऊन उकिडवी बसते, टोप्या काढते, मीटर लावते, दोन्ही बाजूंची हवा बघते आणि टोप्या घट्ट बसवून निघते. मला वाटायचं, धम्मपालनं सांगितलंय म्हणून मोजतेय. शहाणी पोरगी.

मागच्या महिन्यात एकदा मी आतल्या ओळीत वाकून तण काढत होतो. गाडी भरून उभी होती. ती बाहेर आली, फाटकाकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. मी कुठं दिसलो नाही. ती सरळ पुढच्या दारानं गाडीत बसली आणि निघून गेली. मीटर काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आत थांबून बघितलं. तसंच. तिसऱ्या दिवशी फाटकाजवळ उभा राहिलो, तर तिनं हवा मोजली.

म्हणजे ती मोजत होती ते धम्मपालनं सांगितलं म्हणून नव्हे, मी गाडीजवळ दिसलो म्हणून.  

पण हवा तर बघायलाच हवी. नळी कधीही सुटू शकते, आणि राजूरचा रस्ता तोच आहे. म्हणून हल्ली गाडी भरली की मी हातातलं काम टाकून येतो आणि पार मागच्या चाकाला टेकून उभा राहतो, तिला लांबूनच दिसेन असा. ती येते, मला तिथं बघते, खाली बसते आणि हवा मोजते. बराबर आहे अशी तिची खात्री झाली की मी बाजूला होतो.